पुनर्वसन कोणाचे? एक बेट, एक रुग्णालय आणि जमिनीची मालकी

ताप आला की घरातल्या औषधांच्या डब्यातून पहिल्यांदा हाती येते ती पॅरासिटामॉलची गोळी. हे रसायन एकोणिसाव्या शतकातच तयार झाले होते. पण त्याचे खरे मोल १९४८ मध्ये कळले. बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड या दोघांनी त्या वर्षी दाखवून दिले की, अ‍ॅसिटॅनिलाइड नावाच्या जुन्या, विषारी औषधाने वेदना शमतात त्या शरीरात त्याचे पॅरासिटामॉल होते म्हणून. अ‍ॅक्सेलरॉड यांना पुढे १९७० मध्ये वेगळ्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या इमारतीत हा शोध लागला, ती न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमधल्या एका चिंचोळ्या बेटावर उभी होती. ती प्रयोगशाळेसाठी बांधलेली नव्हती. दीर्घकाळ आजारी असलेल्या आणि अपंगत्व आलेल्या गरीब रुग्णांसाठी शहराने चालवलेले ते सार्वजनिक रुग्णालय होते: गोल्डवॉटर मेमोरियल हॉस्पिटल.

आज ती इमारत नाही. तिच्या जागी काचेच्या भिंतींचे विद्यापीठ आहे.

हा धागा त्या जागेचा आहे. जमीन कोणाची होती, कोणाची झाली, आणि ज्यांचे नाव कोणत्याही कागदावर नव्हते अशा माणसांचे काय झाले, असा हा प्रश्न आहे. मराठी वाचकाला तो परका वाटणार नाही, कारण आपल्या भाषेत ‘पुनर्वसन’ हा एकच शब्द दोन कामे करतो. पक्षाघातानंतर माणसाला पुन्हा चालायला, घास उचलायला शिकवतात, ते पुनर्वसन; आणि धरणाखाली गाव गेले की लोकांना दुसरीकडे वसवतात, तेही पुनर्वसनच. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून तिकडच्या कागदपत्रांत हे दोन विषय एकमेकांना भेटत नाहीत. गोल्डवॉटरच्या बाबतीत ते भेटायला हवे होते.

आरंभ मालकीपासून करू. बेट जेमतेम तीन किलोमीटर लांबीचे, मॅनहॅटन आणि क्वीन्स यांच्या मधोमध. मूळ रहिवासी लेनापे लोक. १६३७ मध्ये डच गव्हर्नर वाउटर व्हान ट्विलर याने ते त्यांच्याकडून विकत घेतल्याची नोंद आहे. अशा ‘खरेदी’त देणाऱ्याला आपण नेमके काय देत आहोत असे वाटत होते, हा प्रश्न अमेरिकेच्या इतिहासात पावलोपावली येतो. डचांनी तिथे डुकरे पाळली, म्हणून ते ‘डुकरांचे बेट’. १६६४ मध्ये इंग्रजांनी ही वसाहत जिंकली आणि काही वर्षांत बेट कॅप्टन जॉन मॅनिंग याच्या ताब्यात आले.

या मॅनिंगची कथा थांबून सांगण्यासारखी आहे. १६७३ मध्ये डचांचे आरमार परत आले, तेव्हा न्यूयॉर्कच्या किल्ल्याची जबाबदारी त्याच्यावर होती. त्याने किल्ला सोडून दिला. पुढे शहर पुन्हा इंग्रजांकडे आल्यावर त्याच्यावर खटला चालला, लोकांसमोर त्याची तलवार मोडण्यात आली, आणि अपमानित कॅप्टन आपल्या बेटावर जाऊन राहिला. शहराला नकोसा झालेला माणूस त्या बेटावर गेला, आणि पुढे बेट शहराच्या मालकीचे झाल्यावर शहरही तेच करत राहिले.

मॅनिंगच्या सावत्र मुलीचा पती रॉबर्ट ब्लॅकवेल, म्हणून ते ‘ब्लॅकवेल्स आयलंड’. त्या कुटुंबाकडे बेट सुमारे दीड शतक होते. १८२८ मध्ये न्यूयॉर्क शहराने ते ३२ हजार डॉलरना विकत घेतले. खरेदीखत झाले, तरी वाद मिटला नाही. बेटावर आणखी एका खरेदीदाराच्या बाजूने दावा होता, आणि १८४० च्या दशकात मालकी निर्वेध करून घेण्यासाठी शहराला आणखी २० हजार डॉलर मोजावे लागले. हा तपशील ध्यानात ठेवावा. मालकीचा दावा सांगणारा कागद हाती असलेल्या माणसाशी शहराने तडजोड केली, पैसे दिले. लेनापेंचा प्रश्न तेव्हा कोणी विचारल्याचे दिसत नाही.

मग बेट भरू लागले. १८३२ मध्ये तुरुंग, १८३९ मध्ये वेड्यांचे इस्पितळ, १८५६ मध्ये देवीच्या रुग्णांसाठी जेम्स रेनविक याने बांधलेले दगडी रुग्णालय. अनाथालये, धर्मशाळा, कामाची सक्ती असलेली गृहे. १८८७ मध्ये नेली ब्लाय ही तरुण पत्रकार वेडाचे सोंग घेऊन इथल्या इस्पितळात दहा दिवस राहिली आणि तिने जे पाहिले ते छापून शहराला हादरवले. १९२१ मध्ये नाव बदलून ‘वेल्फेअर आयलंड’ करण्यात आले. नाव बदलले की जागा बदलते, हा प्रशासनाचा आवडता समज तिकडेही होता.

तुरुंग मात्र खरोखरच हलला. १९३५ च्या सुमारास कैदी रायकर्स आयलंडवर गेले, जुनी इमारत पाडली गेली आणि त्या जागेवर १९३९ मध्ये ‘वेल्फेअर हॉस्पिटल फॉर क्रॉनिक डिसीज’ सुरू झाले. त्याच्यामागे शहराचे आरोग्य प्रशासक डॉ. सिगिस्मंड गोल्डवॉटर यांची कल्पना होती. १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले.

त्या काळासाठी ही कल्पना धाडसी होती. सामान्य रुग्णालयाला बरा होऊन आठवड्याभरात घरी जाणारा रुग्ण हवा असतो. संधिवाताने वाकलेला, पक्षाघाताने लोळागोळा झालेला, ज्याला घरी नेणारे कोणी नाही असा माणूस खाट अडवून बसतो, म्हणून त्याला धर्मशाळेत ढकलत. गोल्डवॉटरचे उत्तर असे की, त्याला धर्मशाळा नको, त्याच्यासाठीच बांधलेले रुग्णालय हवे, आणि तिथे त्याच्या आजारावर संशोधनही हवे. इमारतीची रचनाही त्याच विचाराची. मधला लांब मार्गिकेचा कणा, त्याला जोडलेल्या चार बुटक्या, पसरलेल्या पंखांसारख्या इमारती. प्रत्येक वॉर्डाला सज्जा, आणि खाट सज्ज्यात ओढली की समोर नदी आणि ऊन. आज मॅनहॅटनमध्ये त्या दृश्यासाठी लोक आयुष्यभराची कमाई ओततात. शहराने ते एकेकाळी सर्वांत गरीब रुग्णांना फुकट दिले होते, याचे एक कारण असे की तेव्हा त्या बेटावर राहायला कोणालाच जायचे नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात इथेच जेम्स शॅनन यांच्या पथकाने हिवतापावरील अटाब्रिन या औषधाची मात्रा कशी द्यावी हे ठरवले. पॅसिफिकच्या जंगलांत लढणाऱ्या सैन्याला त्याचा उपयोग झाला. युद्धानंतर पोलिओच्या साथी आल्या, श्वासयंत्रांवर जगणारी तरुण मुले आली. त्यांपैकी एक मेरिलिन सॅव्हिओला. १९५५ मध्ये, दहा वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. विशीत असताना तिचा पत्ता गोल्डवॉटर हाच होता. त्या वॉर्डातल्या तरुणांनी व्हीलचेअरवरून महाविद्यालयात जाण्याचा, रात्री उशिरा परतण्याचा, बाहेर स्वतःच्या घरात राहण्याचा हक्क मागितला. सॅव्हिओला बाहेर पडली आणि पुढे न्यूयॉर्कमधील अपंगांच्या स्वावलंबन केंद्राची प्रमुख झाली. रुग्णालयाला ‘घर’ म्हणताना तिची गोष्ट विसरता येत नाही. ज्याला तिथून बाहेर जायचे आहे त्याला ते घर नसते.

इकडे जमिनीच्या कागदांवर नवा थर चढत होता. १९६९ मध्ये शहराने बेट राज्य सरकारच्या नगरविकास महामंडळाला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. मालकी शहराची, विकास राज्याचा, मुदत २०६८ पर्यंत. फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्जी यांनी नव्या वसाहतीचा आराखडा केला. १९७३ मध्ये बेटाला फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे नाव मिळाले. १९७६ मध्ये केबलने लोंबकळत जाणारी ट्राम सुरू झाली. गोल्डवॉटर आणि उत्तर टोकाचे कोलर ही दोन रुग्णालये मात्र शहराच्या रुग्णालय महामंडळाकडेच राहिली. या नव्या वसाहतीची एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. रुग्णालये शेजारी असल्यामुळे तिच्यातल्या इमारती आणि रस्ते व्हीलचेअरचा विचार करून आखले गेले. सपाट रस्ते, कमी मोटारी, नदीकाठचा सलग मार्ग. संध्याकाळी रुग्णालयातले रहिवासी त्या मार्गावर येत, आणि वसाहतीतल्या मुलांना त्यांत नवल वाटत नसे. न्यूयॉर्कसारख्या शहरात, जिथे आजही अनेक भुयारी स्थानकांवर लिफ्ट नाही, तिथे हे दुर्मीळ होते.

आता पुनर्विकास. डिसेंबर २०१० मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनाने जाहीर केले की, शहराला तंत्रज्ञानाचे नवे विद्यापीठ हवे आहे; जागा शहर देईल आणि पायाभूत सुविधांसाठी १० कोटी डॉलरपर्यंत मदतही करील. देशोदेशीच्या विद्यापीठांनी प्रस्ताव दिले. डिसेंबर २०११ मध्ये कॉर्नेल आणि इस्रायलमधील टेक्निऑन यांची जोडी निवडली गेली. कॉर्नेलच्या पाठीशी चक फीनी यांच्या संस्थेची ३५ कोटी डॉलरची देणगी होती. जागा ठरली सुमारे १२ एकरांची, गोल्डवॉटरची. २०१३ च्या अखेरीस रुग्णालय रिकामे झाले. पुढे ते पाडले गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये कॉर्नेल टेकचे नवे संकुल उघडले.

इथे घाईने निकाल देण्याचा मोह टाळावा लागतो. ‘श्रीमंत विद्यापीठाने गरीब रुग्णांना हुसकावले’ हे वाक्य समाजमाध्यमांवर चांगले चालते, पण ते अर्धेच खरे आहे. गोल्डवॉटर बंद करून लहान करण्याचा विचार विद्यापीठाच्या स्पर्धेआधीच रुग्णालय महामंडळात सुरू होता. सत्तर वर्षांच्या इमारतीत अनेक खाटांचे सामायिक वॉर्ड होते. तिथे खासगीपणा ही कल्पनाच नव्हती. शिवाय १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओल्मस्टेड खटल्यात स्पष्ट केले होते की, समाजात राहू शकणाऱ्या अपंग माणसाला विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव आहे. त्या निकालानंतर बेटावरचे अजस्र रुग्णालय जसेच्या तसे टिकवणे कठीणच होते. सॅव्हिओलाच्या पिढीने जे मागितले होते, त्याच दिशेने ही वाट जात होती.

स्थलांतरही अगदीच बेपर्वाईने झाले नाही. हार्लेममधले नॉर्थ जनरल हे रुग्णालय २०१० मध्ये दिवाळखोरीत बंद पडले होते. त्या जागी हेन्री जे. कार्टर यांच्या नावाचे नवे केंद्र उभे राहिले, आणि ज्यांना रुग्णालयाची गरज होती त्यांतले अनेक तिकडे गेले. मेट्रोपॉलिटन हॉस्पिटलजवळ, ९९व्या रस्त्यावर, स्वतंत्र राहू शकणाऱ्यांसाठी सुगम घरांची इमारत बांधली गेली. सुमारे १७५ घरे. इमारत पाडण्याआधी पर्यायी रुग्णालय उभे होते, ही नोंद शहराच्या बाजूने करायलाच हवी.

महाराष्ट्रात या हिशेबासाठी एक जुनी मोजपट्टी आहे. धरणग्रस्तांच्या चळवळीने दिलेली ती घोषणा: ‘आधी पुनर्वसन, मग धरण’. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये करणारे महाराष्ट्र हे त्या बाबतीत देशात आघाडीवर होते. कायदा कागदावर कसा आणि जमिनीवर कसा, हे कोयनेच्या विस्थापितांना विचारावे. तरी त्यातले तत्त्व साधे आणि भक्कम आहे. प्रकल्पामुळे ज्याची जागा गेली, त्याला त्या प्रकल्पाच्या लाभात वाटा मिळाला पाहिजे. धरणाचे पाणी ज्या शेतांना मिळते, त्या लाभक्षेत्रातच विस्थापिताला जमीन, ही मागणी त्याच तत्त्वातून आली.

ही मोजपट्टी गोल्डवॉटरला लावली की न्यूयॉर्कच्या व्यवहारातली खोट दिसते. ‘आधी पुनर्वसन’ झाले. लाभक्षेत्रात झाले नाही. त्या १२ एकरांचे मोल अफाट होते. शहराने ती जमीन विद्यापीठाला दीर्घ भाडेपट्ट्याने दिली, वर पैसेही दिले, आणि बदल्यात भविष्यातल्या उद्योगांचे, नोकऱ्यांचे आश्वासन घेतले. सार्वजनिक जमीन सार्वजनिक हितासाठी देण्यात गैर काही नाही. मात्र त्या जमिनीवर आधीपासून एक सार्वजनिक हित नांदत होते, आणि त्याची किंमत या हिशेबात शून्य धरली गेली. नव्या संकुलात वर्ग आले, प्रयोगशाळा आल्या, विद्यार्थ्यांसाठी उंच निवासी मनोरा आला, पुढे हॉटेलही आले. त्या जमिनीचा एक कोपरा जुन्या रहिवाशांच्या सुगम घरांसाठी राखणे अशक्य नव्हते. ज्या बेटावर व्हीलचेअरवरचा माणूस कोणाच्या मदतीवाचून नदीकाठी फिरू शकत होता, त्याच बेटावर त्याला स्वतःचे दार मिळाले असते, तर सॅव्हिओलाची मागणीही पुरी झाली असती आणि शेजारही टिकला असता.

असे का झाले नाही, याचे उत्तर मालकीच्या इतिहासात आहे. एरवी सार्वजनिक रुग्णालयाचा पुनर्विकास जमिनीच्या वादात अडकतो. दान देणाऱ्याच्या अटी निघतात, वारस उभे राहतात, एकाच भूखंडावर दोन खात्यांचे दावे असतात. गोल्डवॉटरची जागा तशी नव्हती. मालक शहर, रुग्णालयाचे महामंडळ शहराचे, नाममात्र मोबदल्याने इमारत वापरणारे. राज्याच्या भाडेपट्ट्याशी जिथे गाठ पडत होती तिथे सरकारी संस्थांनी आपापसात कागद जुळवले. निर्वेध मालकी ही पुनर्विकासकाच्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय असते. पण मालकी निर्वेध आहे याचा एक अर्थ असाही असतो की, वाटाघाटीच्या टेबलावर बसण्याचा हक्क दुसऱ्या कोणालाच नाही. १८४० च्या दशकात शहराला २० हजार डॉलर मोजायला लावणाऱ्याच्या हाती कागद होता. पंचवीस वर्षे एकाच वॉर्डात काढलेल्या माणसाकडे फक्त केसपेपर होता. भाडेकरूला जे संरक्षण असते, तेही रुग्णाला नसते. कारण कायद्याच्या नजरेत तो तिथे ‘राहत’ नाही, उपचार घेत असतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी यातला धडा साधनांचा आहे. जमिनीचा इतिहास लिहिताना आपण सनदा, खरेदीखते, भाडेपट्टे वाचतो, आणि त्यांत ज्यांची नावे असतात त्यांचाच इतिहास लिहून मोकळे होतो. या बेटाची मालकीची साखळी व्हान ट्विलरपासून कॉर्नेलपर्यंत सलग लिहिता येते. तिच्यात कैदी नाहीत, नेली ब्लायने पाहिलेल्या बायका नाहीत, अटाब्रिनच्या चाचण्यांतले रुग्ण नाहीत. वास्तविक ही जमीन मोलाची झाली ती त्यांच्यामुळेच. ते तिथे होते म्हणून खासगी बिल्डर दीडशे वर्षे त्या बेटाकडे फिरकला नाही, आणि म्हणूनच मॅनहॅटनपासून हाकेच्या अंतरावर एवढी मोठी सार्वजनिक जागा एकसंध शिल्लक राहिली.

नाव मात्र रूझवेल्टचे. पोलिओनंतर व्हीलचेअर वापरणाऱ्या त्या राष्ट्राध्यक्षांचे स्मारक, लुई कान यांनी आखलेले, २०१२ मध्ये बेटाच्या दक्षिण टोकाला उघडले, गोल्डवॉटर रिकामे होण्याच्या आदल्या वर्षी. व्हीलचेअरवर बसलेल्या रूझवेल्टचा पुतळाही बेटावर आला, २०२१ मध्ये.

रुग्णालयातून एक गोष्ट बेटावर परत आली. महामंदीच्या काळात सरकारी योजनेतून बेकार चित्रकारांना काम दिले जाई. त्या योजनेत इल्या बोलोटोव्स्की याने गोल्डवॉटरच्या गोलाकार विश्रामकक्षासाठी १९४० च्या दशकाच्या आरंभी एक अमूर्त भित्तिचित्र केले. खाटेवरून उठू न शकणाऱ्याला शांत वाटावे, अशी त्याची योजना होती. पुढे कोणीतरी त्यावर भिंतीचा रंग फासला. इमारत पाडण्याआधी तज्ज्ञांनी ते चित्र सोडवून काढले, रंगाचे थर एकेक करून उतरवले, आणि आज ते कॉर्नेल टेकच्या मुख्य इमारतीत आहे. चित्राच्या पुनर्वसनासाठी जागा त्याच भूमीवर निघाली.

बेटाच्या उत्तर टोकाला कोलर अजून चालू आहे, त्याच प्रकारच्या रुग्णांसाठी. जमीन शहराची. राज्याचा भाडेपट्टा २०६८ पर्यंत. त्या जागेचा आराखडा आज कोणी मांडलेला नसेल, तर हीच वेळ आहे. जमिनीच्या लाभात तिथल्या रुग्णांचा वाटा किती, हे पुढच्या करारात पहिल्या कलमातच लिहिले जावे. विद्यापीठ, बिल्डर किंवा महामंडळ कोणाचेही नाव त्याखाली येवो.